मिठाचा आवाज

आईच्या छातीत काहीतरी वाजतंय हे पहिल्यांदा आईनंच ओळखलं. रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. ती पलंगावर उठून बसली होती, पाय खाली सोडून, दोन्ही तळहात गादीवर टेकवून. मी दिवा लावायला गेले तर म्हणाली, "दिवा नको. जरा गप्प बस आणि ऐक."

मी ऐकलं. श्वास आत जाताना अगदी शेवटी शेवटी बारीक चुरचुर होत होती. सुटताना काही नाही. पुन्हा आत, पुन्हा चुरचुर.

"कफ साठलाय," मी म्हटलं.

"नाही. तुझ्यासारखा नाहीये हा."

'तुझ्यासारखा' म्हणजे काय हे आम्हा दोघींनाच कळणारं होतं. मला लहानपणापासून दमा. श्वास सुटताना छातीतून लांबलचक शीळ यायची. ती शीळ ऐकत आई माझ्या उशाशी बसून राहायची. पाठीवर हात ठेवून शीळ चढतेय की उतरतेय हे तिला कळायचं. कधी डॉक्टरांकडे न्यायचं आणि कधी नुसतं टेकून बसवायचं, हे ती आवाजावरून ठरवायची. एकदा शीळ अचानक थांबली तेव्हा मला बरं वाटलं असं समजून घरातले सगळे निजायला निघाले होते. आईनं मात्र तशीच उचलून मला दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की शीळ थांबली होती ती हवा आत-बाहेर होणंच थांबत आलं होतं म्हणून. दम्यात आवाजापेक्षा शांतता जास्त धोक्याची असू शकते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणजे आमच्या घरात श्वासाच्या आवाजाचा खरा जाणकार कोण होता, तर आई. मला हे त्या रात्री आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

पाच-सहा आठवड्यांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं होतं. उजव्या कानशिलापाशी. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ यायची, घास चावताना जबडा भरून यायचा. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदान निघालं जायंट सेल आर्टरायटिस. कानशिलाजवळच्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते असा हा आजार. हीच सूज डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पोचली तर दृष्टी जाते, आणि एकदा गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणून त्यात वाट बघत नाहीत. धमनीचा तुकडा तपासून यायच्या आधीच स्टेरॉइड सुरू करतात. आईला प्रेडनिसोलोन दिलं, रोज ५० मिलिग्रॅम, सकाळी खाल्ल्यावर. दोन दिवसांत डोकेदुखी अशी गेली की जणू कधी नव्हतीच. आई आरशासमोर उभी राहून हसत हसत केस विंचरत होती, ते मला अजून दिसतं.

सावध राहण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, नाही असं नाही. साखर वाढेल, रक्तदाब बघत राहा, हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम घ्या, पोटात जळजळ झाली तर कळवा, झोप उडेल, चेहरा गोल होईल, संसर्गापासून जपा. आम्ही सगळं लिहून घेतलं होतं. श्वासाच्या आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पुढे मी गोळ्यांच्या खोक्यातली घडी घातलेली माहितीपत्रिका उलगडून वाचली. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. छातीत धडधड, पायांना सूज, लघवी कमी होणं, मानेच्या शिरा फुगणं, श्वास घेताना आवाज किंवा खरखर, वजन वाढणं. सगळे शब्द स्वल्पविरामांनी एकापुढे एक जोडलेले. माझी खरी तक्रार या स्वल्पविरामांबद्दल आहे. ही सहा वेगवेगळी दुखणी वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच गोष्टीची सहा तोंडं होती आणि आमच्या घरात त्यातली चार तोंडं आधीच दिसू लागली होती.

त्या रात्रीनंतर मी दोन चुका केल्या. आवाज आला म्हणजे दमा, या माझ्या आयुष्यभराच्या सवयीनं मी तिला माझ्या इनहेलरचे दोन झोत दिले. दुसऱ्याचं औषध देऊ नये हे मला माहीत होतं, तरी दिलं. काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन प्रश्न विचारून खोकल्याचं औषध सांगितलं. मीच त्यांना "कफ झालाय" असं सांगितलं होतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? ऐकलेलं न सांगता ऐकून काढलेला निष्कर्ष मी सांगितला होता. यात दोन रात्री गेल्या.

त्या दोन दिवसांत दादाचा फोन आला. आवाज कसा आहे असं विचारताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "घरघर लागलीय का?" आणि पलीकडे एकदम शांतता झाली. मीही गप्प. आपल्या भाषेत या शब्दाला दोन घरं आहेत. जात्याची घरघर, चरख्याची घरघर, मांजर अंगावर घेतलं की त्याची घरघर, हे एक घर. आणि दुसरं ते, जिथं 'घरघर लागली' म्हटलं की पुढचं कुणी बोलत नाही. त्यामुळे घरात आजारी माणूस असलं की या शब्दाला बंदी असते. आम्ही 'आवाज' म्हणत होतो. 'तो आवाज आहे का अजून?' एवढंच. शब्द टाळला की गोष्ट टळत नाही, पण वर्णन मात्र टळतं. तो घरघर होता, खरखर होता, चुरचुर होता की सूंसूं होता, हे आम्ही एकमेकांना धडपणे विचारलंच नाही.

ही अडचण आमच्याच घरची नाही, हे नंतर कळलं तेव्हा विलक्षण वाटलं. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर रने लेनेक यांच्यापुढेही ती उभी राहिली होती. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. तिच्या छातीला कान लावणं त्यांना संकोचाचं वाटलं. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीला आणि एक कानाला लावलं, आणि नुसत्या कानानं ऐकू आले नसते इतके हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू आले. पुढची तीन वर्षं ते छात्या ऐकत राहिले आणि १८१९ मध्ये त्यांनी त्या आवाजांचा ग्रंथ लिहिला. छातीतल्या जादा आवाजांना त्यांनी 'राल' हा फ्रेंच शब्द वापरला. पण फ्रेंच लोकांच्या तोंडी हा शब्द मरणाच्या घरघरीसाठी होता. रुग्णाच्या कानावर तो पडला तर त्याचा धीर सुटेल, म्हणून खाटेजवळ उभं असताना ते त्याऐवजी 'राँकस' हा लॅटिन शब्द वापरत. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना जो शब्द रुग्णापुढे उच्चारवत नव्हता, तोच दादाला आणि मला फोनवर उच्चारवत नव्हता.

तिसऱ्या रात्री आईला आडवं होता येईना. आधी एक उशी होती, मग दोन, मग तीन. पहाटे मी तिचे पायमोजे काढले तर घोट्यांवर खोल वळ उमटले होते. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. वजनकाटा कपाटाखालून ओढून तिला उभं केलं. आठवडाभरात तीन किलो वाढ. गेले कित्येक दिवस आम्ही कौतुक करत होतो की भूक लागतेय, अंग धरतंय. स्टेरॉइडनं भूक वाढते, त्यामुळे वजन वाढतं, हे खरंच आहे. पण सात दिवसांत तीन किलो मांस चढत नाही. पाणी चढतं.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आईला पुढे झुकवून बसवलं आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला. वरून खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा तळाशी. ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारलं नाही, आईला विचारलं.

"आजी, आवाज येतो म्हणता, तो कसा येतो?"

आई धापा टाकत होती, पण तिनं नीट सांगितलं. "हिला दमा आहे ना, हिचा यायचा तो सुटताना. लांब, शीळ घातल्यासारखा. माझा घेताना येतो. तुटक तुटक. पाचोळा चुरगाळल्यासारखा. आडवं झालं की जास्त, बसलं की कमी."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आजी, निम्मं निदान तुम्हीच केलंत."

मग त्यांनी मला एक गोष्ट करायला सांगितली. कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरायची आणि बोटं एकमेकांवर हळू चोळायची. मी केलं. कानात तीच चुरचुर. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा आवाज शिकवताना कितीतरी पिढ्या हीच युक्ती सांगितली जाते.

शीळ आणि चुरचुर यांत जो फरक आहे तो श्वासनलिका आणि फुप्फुसं यांच्या रचनेतच आहे. श्वासनलिका आवळल्या की त्यांच्या भिंती हवेच्या झोतानं थरथरतात, आणि बासरीसारखा सलग, सुरेल म्हणावा असा आवाज निघतो. श्वास सुटताना नलिका आणखी अरुंद होतात, म्हणून तेव्हा तो जास्त. चुरचुर वेगळी. फुप्फुसात पाणी उतरलं की खालच्या भागातल्या अगदी बारीक नलिका मिटून चिकटून बसतात. श्वास आत जाऊ लागला की त्या एकेक करून फट्‌कन उघडतात. प्रत्येक उघडण्याचा एक टिचका, आणि असे शेकडो टिचके मिळून ती चुरचुर. घशाशी वरच्या भागात अडथळा आला तर श्वास घेतानाच कर्कश, आरवल्यासारखा आवाज येतो, तो तिसरा. जाड कफ मोठ्या नळ्यांत हलतो तेव्हा घुरघुर येते आणि खोकून टाकलं की बरेचदा जाते, तो चौथा. आमच्या घरी मात्र चारही आवाजांना 'कफ' हे एकच नाव होतं.

पाणी उतरलं ते मिठामुळे. हे मला जितकं सांगावंसं वाटतं तितकं इतर काही वाटत नाही. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज बनवतात. प्रेडनिसोलोन ही त्याचीच माणसानं बनवलेली नक्कल. त्याच ग्रंथींचं दुसरं एक संप्रेरक आहे, अल्डोस्टेरॉन. त्याचं काम मूत्रपिंडाला सांगणं की मीठ टाकू नकोस, परत घे. दोघांची घडण इतकी जवळची की कॉर्टिसॉलही अल्डोस्टेरॉनच्या कुलपात बसू शकतं. एरवी मूत्रपिंडातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कॉर्टिसॉलला त्या कुलपापर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ करतं. शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचं असतं. आई घेत होती ५०, नुकतंच ४० केलेलं. एवढा लोंढा आला की काही किल्ल्या कुलपात बसतातच. मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, मिठामागे पाणी येतं, पोटॅशियम बाहेर जातं, रक्तदाब चढतो. निरोगी हृदय हा वाढीव भार बराच काळ निभावून नेतं. आईचं हृदय वीस वर्षांच्या रक्तदाबानं ताठ झालेलं होतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं की ते आकुंचन व्यवस्थित पावतं, पण सैल होताना पुरतं सैल होत नाही. भरायला जागा कमी, आणि भरायला आलेलं रक्त जास्त. जे मावलं नाही ते मागे फुप्फुसांत तुंबलं.

म्हणून डॉक्टर दोन्ही गोष्टी सांगत होत्या. औषध एकट्यानं हे करत नाही, आणि औषध नसतं तर हे आत्ता झालं नसतं. मला हे सांगणं फार प्रामाणिक वाटलं.

मिठाचा हा गुंता औषधाच्या जन्मापासूनचा आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचं जवळचं भावंड, टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. तोवर गोल चेहरे आणि सुजलेले पाय दिसू लागलेच होते. १९५५ मध्ये प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आली त्यांचं मोठं कौतुक हेच होतं की सूज उतरवण्याची ताकद जास्त आणि मीठ धरून ठेवण्याची खोड कमी. डेक्सामेथासोन या आणखी एका स्टेरॉइडमध्ये तर ही खोड जवळपास नाहीच. पण प्रेडनिसोलोनमध्ये ती कमी आहे, संपलेली नाही, आणि मात्रा मोठी असली की 'कमी'लाही अर्थ उरतो.

डॉक्टर लगेच पाण्यावर शिक्कामोर्तब करून थांबल्या नाहीत. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाच्या छातीत चुरचुर आली तर संसर्गाची शंका आधी फेडावी लागते, असं त्या म्हणाल्या. हे औषध शरीराची सूज दाबतं, तसा तापही दाबतं. न्यूमोनिया झालेला असतो आणि अंग गार लागतं. जुना, झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. बरेच आठवडे मोठी मात्रा चालली तर न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनियाही होऊ शकतो, म्हणून काही रुग्णांना तो टाळण्याचं औषध आधीपासूनच देतात. "ताप नाहीये" हे वाक्य मी तोवर तीन वेळा अभिमानानं सांगितलं होतं. एक्स-रे झाला, रक्त गेलं, थुंकी गेली. छायाचित्रात पाण्याच्याच खुणा होत्या. संसर्ग सापडला नाही.

मला त्या क्षणी गोळ्यांचा संताप आला. पर्समधली पट्टी काढून मी म्हटलं, "मग आजपासून ही बंद." डॉक्टरांनी माझ्या हातातून पट्टी घेतली आणि टेबलावर ठेवली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या की ही बंद केली तर आठवड्याभरात डोळे जाऊ शकतात. आणि दुसरं, गेले पाच-सहा आठवडे बाहेरून एवढं स्टेरॉइड मिळत असल्यानं आईच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेल्या आहेत. गोळी एकाएकी थांबली तर शरीराला एक थेंबही मिळणार नाही, रक्तदाब कोसळेल, जीवावर बेतेल. पाणी काढायचं, मीठ कमी करायचं, रक्तदाबाची औषधं नीट बसवायची, आणि स्टेरॉइड एकेक पायरीनं उतरवायचं. गोळी आणि आवाज यांच्यात निवड करायची नव्हती. मी मात्र दोन रात्री तोच विचार करत होते आणि एका सकाळी मनाशी अर्धी गोळी मोडूनही बघितली होती. दिली नाही. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे.

शिरेतून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं. पहिल्या रात्रीत दीड लिटरच्या वर लघवी झाली. मी रात्रभर खुर्चीवर बसून ऐकत होते. आवाज एकदम गेला नाही. आधी बसल्यावर यायचा बंद झाला, मग टेकल्यावर, मग फक्त उजव्या कुशीवर राहिला. चौथ्या दिवशी आई एका उशीवर झोपली. वजन तीन किलोंनी उतरलं होतं. दरम्यान पोटॅशियम घसरलं, कारण स्टेरॉइडही ते बाहेर टाकतं आणि लघवीचं औषधही. तेही भरून काढावं लागलं.

घरी आल्यावर लेनेक यांच्या ग्रंथाबद्दल वाचताना मला ते सापडलं. या बारीक चुरचुरीचं वर्णन करताना त्यांनी उपमा दिली आहे ती भांड्यात मंद आचेवर तापवलेलं मीठ तडतडतं त्या आवाजाची. मी बराच वेळ त्या ओळीपाशी थांबले. मीठ धरून ठेवल्यानं येणारा आवाज, आणि ऐकणाऱ्याला सुचलं ते मीठ. त्यांना १८१९ मध्ये संप्रेरकांबद्दल काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त नीट ऐकलं होतं. मी उठून कढईत थोडं खडेमीठ टाकलं, आच बारीक ठेवली आणि आईला हाक मारली. मीठ तापलं, टिचकलं, मग सगळीकडून तडतडू लागलं. आई कढईवर कान झुकवून उभी होती.

"हाच," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण माझा जरा ओला होता."

या सगळ्यात मला माझ्याच इनहेलरकडे नव्यानं बघावं लागलं. त्यातही स्टेरॉइडच आहे, फक्त मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं. माझी शीळ त्यानंच घालवली. ओढून घेतलेलं हे औषध मीठ-पाण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही, पण त्याचे स्वतःचे आवाज आहेत. माझा आवाज गेली कित्येक वर्षं थोडा घोगरा आहे, तो स्वरतंतूंवर बसणाऱ्या औषधामुळे. तोंडात पांढरी बुरशी येऊ नये म्हणून झोत घेतला की चूळ भरायची, गुळण्या करायच्या, स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, वापरायचा. क्वचित कुणाला झोत घेतल्याघेतल्या छाती उलट आवळते आणि तिथल्या तिथे शीळ वाढते. असं झालं तर तोच झोत पुन्हा न घेता आराम देणारं औषध घ्यायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. धूम्रपानानं फुप्फुसं खराब झालेल्यांत ओढून घ्यायच्या स्टेरॉइडनं न्यूमोनियाचं प्रमाण वाढतं, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या तीन वर्षांच्या चाचणीत दिसलं होतं. आणि फार दिवस गोळ्या घेणाऱ्यांत मानेभोवती चरबी चढून नव्यानं घोरणं सुरू होऊ शकतं, मध्येच श्वास थांबू शकतो. त्याला तर कुणी औषधाशी जोडतच नाही. वय झालं, म्हणून सोडून देतात.

माझा संताप ओसरला तो लिगिन्स यांच्या कोकरांमुळे. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स हे बाळंतपणाच्या कळा कशानं सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठी ते मेंढीच्या पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड देत. त्यातलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की त्याला श्वास घेताच यायला नको होता. ते श्वास घेत होतं. स्टेरॉइडनं त्याची फुप्फुसं वेळेआधी तयार केली होती. हे निरीक्षण त्यांनी १९६९ मध्ये मांडलं, आणि १९७२ मध्ये रॉस हाउई यांच्यासोबत मुदतपूर्व बाळंत होणाऱ्या स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. फार लवकर जन्मलेली बाळं श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज करतात. मिटू पाहणारे फुप्फुसांतले फुगे उघडे राहावेत म्हणून ती घशाचं दार अर्धं लावून घेतात, त्याचा तो आवाज. आईला आधीच दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं कितीतरी बाळांवर ती वेळ येत नाही. घशाला सूज येऊन रात्री भुंकल्यासारखा खोकणाऱ्या, श्वास घेताना कर्कश आवाज काढणाऱ्या मुलाला डेक्सामेथासोनचा एक डोस दिला की काही तासांत तो आवाज उतरतो. २०२० च्या जूनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करणारं औषध सापडलं, तेही हेच, रोज ६ मिलिग्रॅम. या औषधानं जगातल्या किती छात्या शांत केल्या असतील. माझीही त्यातलीच.

म्हणून मला औषधाविरुद्ध लिहायचं नाहीये. ज्यांच्या घरात कुणी स्टेरॉइडवर आहे त्यांच्यासाठी लिहायचंय. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर आवाजाची वाट बघू नका, कळवा. आवाज आला तर त्याला लगेच नाव देऊ नका. श्वास घेताना की सोडताना, सलग की तुटक, आडवं झाल्यावर वाढतो का, खोकल्यावर जातो का, गोळी किंवा झोत घेतल्यावर किती वेळानं आला, एवढं ऐकून ठेवा. मोबाइल तोंडाजवळ धरून अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण केलं तरी चालेल. आमच्याकडे ते असतं तर त्या फोनवरच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं नसतं असं मला वाटतं. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल, औषध घेतल्यावर ओठ-जीभ सुजत असेल, किंवा धाप लागलेली असताना आवाज एकाएकी बंद पडला असेल, तर मात्र ऐकत बसायचं नाही. निघायचं.

आणि डॉक्टरांनाही एक मागणं आहे. साखर, हाडं, चेहरा सांगता तसंच हेही सांगा. रक्तदाब असलेल्या, वयस्कर माणसाला मोठी मात्रा सुरू करताना एक वाक्य पुरे आहे, की रात्री उशा वाढल्या किंवा श्वासात काही वाजलं तर त्याच दिवशी या. आम्हाला ते वाक्य मिळालं असतं तर आईच्या त्या तीन रात्री वाचल्या असत्या. ते मागताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आईची गोळी ५ मिलिग्रॅमवर आली आहे. डोळे शाबूत आहेत. रुग्णालयातून आल्यावर तिनं एक वही केली. तारीख, वजन, रक्तदाब, किती उशा. शेवटी एक रकाना आहे, त्याला तिनं सुरुवातीला 'आवाज' असं नाव दिलं होतं. त्यात ती लिहायची 'नाही', कधी 'थोडा, नाक चोंदलंय', एकदा 'तुझाच होता, पलीकडच्या खोलीतून'. गेल्या महिन्यात वही भरली आणि तिनं नवी आखली. पट्टी धरून, रेघा सरळ मारून. मी सहज डोकावून बघितलं. शेवटच्या रकान्यावर तिनं ठळक अक्षरात लिहिलं होतं 'घरघर', आणि खाली, पहिल्याच तारखेपुढे, 'नाही'.